परक्याचा मुलगा : युद्ध, कला आणि खानदेश

युद्धाला विरोध करणारी कला, असे म्हटले की शिकल्यासवरलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे परदेशातली चित्रे उभी राहतात. सामान्य माणूस मात्र विचारतो, "आपल्याकडे असले काही आहे काय?" हा प्रश्न आम्हांस अगदी रास्त वाटतो. ज्याचे उत्तर आपल्या मातीत सापडत नाही, तो विषय व्याख्यानापुरताच उरतो. टाळ्या झाल्या, सतरंज्या गुंडाळल्या, की संपला. म्हणून हा शोध आम्ही शक्य तितका जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या शिवेत घेण्याचे ठरविले. बाहेर गेलो ते केवळ ताडून पाहण्यापुरते. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. कामगारांच्या द्वारसभा, मालकांशी चालणाऱ्या वाटाघाटी आणि त्यातून उरलेल्या वेळात सार्वजनिक वाचनालयातला बाक, एवढीच आमची शाळा. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. पण हिशेब तपासण्याची सवय या धंद्याने लावली आहे, आणि युद्धाचा हिशेब कोण, कसा मांडतो, हेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभी आपल्या विरुद्ध बाजूचाच पुरावा पुढे ठेवू. मराठीतला सर्वांत ठसठशीत ऐतिहासिक काव्यप्रकार म्हणजे पोवाडा, आणि पोवाडा युद्धाचा विरोधक नव्हे, स्तुतिपाठक आहे. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर पोवाडा रचला, तुळशीदासाने सिंहगडावर रचला, आणि त्यानंतर दीडदोनशे वर्षे डफ-तुणतुण्याने रणांगणाचीच संगत केली. शाहिराची बिदागी कोण देत होते हे पाहिले म्हणजे याचे नवल वाटत नाही. लढाई मारणारा सरदार, आणि ती गाणाऱ्याला शेला-पागोटे देणाराही सरदारच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. त्या शाहिरांना आम्ही दोष देत नाही. परक्या आक्रमणापुढे खचलेल्या समाजाला त्यांनी उभे केले, हे ऋण आहेच. परंतु कलेचा आणि युद्धाचा पहिला संबंध विरोधाचा नसून चाकरीचा आहे, हे प्रांजळपणे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग विरोध कोठे सुरू होतो? येथे पानिपताकडे पाहिले पाहिजे. १७६० साली सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली ती बऱ्हाणपुरावरून, म्हणजे खानदेशाच्या वेशीवरून गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी ती पानिपतावर गारद झाली. त्या काळची पत्रे ज्यांनी जिवापाड मेहनतीने जमवून छापली, ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातलीच पत्रे आहेत. राजवाड्यांचा अंत १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात झाला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही धुळ्यातच उभे राहिले. त्यामुळे पानिपताची आठवण करणे हा धुळेकरांचा थोडा अधिक हक्क आहे, असे आम्ही समजतो.

पानिपताची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ते पत्र सांकेतिक भाषेत होते. विश्वासराव आणि भाऊ यांना त्यात मोत्यांची उपमा दिली होती. मोठ्या सरदारांना मोहरा म्हटले होते. आणि बाकीचे हजारो शिपाई, बाजारबुणगे, बिगारी, यांना रुपये आणि खुर्दा. मोत्ये किती गळाली ते सांगितले होते, मोहरा किती हरवल्या तेही सांगितले होते. खुर्द्याची मात्र गणतीच नव्हती. जळगावच्या बाजारपेठेत ज्यांचा जन्म गेला त्या व्यापारी मंडळींना या भाषेतले कसब तत्काळ ध्यानात येईल. पण आमच्यासारख्या माणसाचे लक्ष त्या खुर्द्यावर खिळते. ज्या दिवशी कोणी तरी त्या खुर्द्याची मोजदाद करावयास बसला, त्या दिवशी युद्धाला विरोध करणारी कला जन्मास आली, असे आमचे मत आहे. पानिपतावर पुढे बखरी झाल्या, पोवाडे झाले, घराघरांत हळहळ झाली. ते दुःख खरे होते. पण ते आपल्या मोत्यांचे दुःख होते. दुःख आणि विरोध यांत अंतर आहे. ते अंतर कोणते, हे आम्हांला एका तुरुंगातल्या प्रवचनाने दाखविले.

तो तुरुंग धुळ्याचा. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा भावे तेथे बंदिवान होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवर त्यांची अठरा प्रवचने झाली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. पुढे 'गीता प्रवचने' या नावाने ती भारतभर गेली, हे आपण सारे जाणता. गीतेचा आरंभ म्हणजे तरी काय? दोन सैन्ये समोरासमोर उभी आहेत आणि एक माणूस शस्त्र खाली ठेवून म्हणतो आहे की मी लढत नाही. तेव्हा अर्जुन हा युद्धविरोधक होता काय, हा प्रश्न पहिल्याच प्रवचनात येतो. विनोबा त्याचे उत्तर नकारार्थी देतात आणि एका न्यायाधीशाचा दाखला सांगतात. या न्यायाधीशाने आजवर शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेली असते. एके दिवशी त्याच्यापुढे खुनाच्या आरोपाखाली त्याचा स्वतःचाच मुलगा उभा राहतो. मग मात्र न्यायाधीशाला एकाएकी साक्षात्कार होतो की फाशीची शिक्षाच अमानुष आहे. विनोबांचे म्हणणे असे की अर्जुनाचे बोलणे याच जातीचे आहे. ते अहिंसेतून आलेले नाही, आप्तांच्या मोहातून आलेले आहे.

विनोबांचा रोख मोहावर होता. आम्ही त्याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. न्यायाधीश त्या दिवशी जे बोलला ते खोटे नव्हते. ते त्याला पूर्वीच्या शेकडो वेळी सुचले नाही, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणजे माणसाचे डोळे उघडावयाला स्वतःचा मुलगा समोर यावा लागतो. मग प्रश्न उरतो तो असा की प्रत्येक वेळी परक्याच्या मुलाच्या जागी आपला मुलगा कोण उभा करणार? सरकार करणार नाही. त्याचे काम मोत्ये मोजण्याचे. वृत्तपत्रे क्वचित करतात. हे काम कलेचे आहे. परक्याचा मुलगा आपला वाटावयास लावणे, हाच कलेने युद्धाला केलेला विरोध होय. बाकीच्या घोषणा सभेतही देता येतात. त्यासाठी चित्र काढण्याची गरज नाही.

योगायोग पाहा. धुळ्याच्या तुरुंगात ही प्रवचने चालू होती त्याच १९३२ साली, प्रवचने संपल्यावर थोड्याच दिवसांत, बेल्जियममधील जर्मन सैनिकांच्या एका दफनभूमीत दोन दगडी पुतळे बसविले गेले. गुडघे टेकून बसलेले एक आई आणि एक बाप. ते घडविणारी बाई म्हणजे केटे कोलविट्झ. तिचा धाकटा मुलगा पीटर १९१४ च्या ऑक्टोबरात पहिल्या महायुद्धात पडला. तो वयाने कोवळा होता. सैन्यात जाण्यास त्याला वडिलांची संमती हवी होती, आणि वडिलांचे मन आईनेच वळविले होते. त्यानंतर सुमारे अठरा वर्षे ती त्या स्मारकावर झुरत राहिली. मधल्या काळात, १९२२-२३ मध्ये, तिने युद्धावर सात लाकूडठसे कोरले. त्यात तोफ नाही, झेंडा नाही. आया आहेत, विधवा आहेत, पोरे आहेत. न्यायाधीशाच्या गोष्टीतली ही पुढची पायरी म्हटली पाहिजे. आपला मुलगा गेल्यावर तिला इतरांची मुले दिसू लागली, आणि मग ती पुन्हा कधी दिसेनाशी झाली नाहीत. पुढे १९४२ साली तिचा नातूही, त्याचेही नाव पीटरच, दुसऱ्या महायुद्धात मारला गेला.

आता अमळनेरकडे येऊ. प्रवचने लिहून घेणारे साने गुरुजी हे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले शिक्षक, तेथल्या छात्रालयाचे चालक, आणि पुढे खानदेशातल्या शेतकरी-कामगारांत वावरणारे कार्यकर्ते. 'श्यामची आई' लिहिणारे गुरुजी सर्वांस ठाऊक आहेत. पण टॉलस्टॉयचा कलेवरचा ग्रंथ 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणणारे गुरुजी तितके ठाऊक नाहीत. टॉलस्टॉय हा तरुणपणी तोफखान्यातला अधिकारी होता. १८५४-५५ मध्ये सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात त्याने युद्ध पाहिले, त्यावर लिहिले, आणि सेन्सॉरने त्यावर कातरी चालविली. उतारवयात, १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात, त्याने कलेची कसोटी सांगितली ती अशी : कला म्हणजे एकाची भावना दुसऱ्यास लागण व्हावी तशी लागणे, आणि चांगली कला ती, जी माणसामाणसांत ऐक्य करते. पण त्याने एक बारीक भेद केला आहे. एका गटाला एकत्र आणताना दुसऱ्या गटापासून तोडणारी कलाही असते. देशाभिमानाची गाणी, स्मारके ही त्याने या वर्गात टाकली. आमच्या मते ही कसोटी थोडी जास्तच कडक आहे. गुलाम देशाचे देशगीत आणि साम्राज्याचे देशगीत यांना एका तागडीत घालणे न्यायाचे नव्हे. तरी पण तिच्यातला मुद्दा खोडून काढता येत नाही. गुरुजी स्वतः देशभक्त होते, तुरुंग भोगत होते, आणि तरीही हे पुस्तक त्यांना मराठीत आणावेसे वाटले, यातच सारे आले.

गुरुजींनी आणखी एक काम केले. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी जमविल्या आणि 'स्त्री जीवन' या नावाने छापल्या. पोवाडा आणि ओवी शेजारी ठेवून पाहा. एक दरबारात उभ्याने गायिली जाते, दुसरी पहाटे बसून. एकीला बिदागी मिळते, दुसरीला पीठ. आमच्या वाचनात ज्या ओव्या आल्या त्यात किल्ला सर झाल्याचा आनंद नाही. भाऊ कधी परत येईल याची वाट आहे. हा युद्धाचा निषेध आहे असे कोणी म्हणणार नाही, त्या बायांनीही म्हटले नसते. पण खुर्द्याची मोजदाद प्रथम कोणी केली असेल तर ती जात्यापाशी बसलेल्या बाईने केली, असे आम्हांस वाटते.

खानदेशाच्या इतिहासातला याविषयीचा सर्वांत मोठा प्रसंग फैजपूरचा. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी तेथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले हे पहिलेच. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस सजावटीसाठी आले. खेड्यात मिळेल त्याच वस्तूंनी नगर उभारावयाचे, असा दंडक होता. बांबू, तट्ट्या, गवत यांतून त्यांनी ते उभे केले. अध्यक्षांची मिरवणूक बैल जोडलेल्या रथातून निघाली. त्याच सुमारास, त्याच ठिकाणी, प्रा. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशनही झाले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते, कारण दर वर्षी कोठे ना कोठे ते सांगितले जाते.

जे सांगितले जात नाही ते असे. त्या बांबूच्या मंडपात येऊ घातलेल्या महायुद्धाविषयी एक ठराव झाला. साम्राज्यवादी युद्ध पेटले तर हिंदुस्थानची माणसे आणि साधनसंपत्ती त्यात ओढली जाण्याचा धोका आहे. अशा युद्धासाठी पैसा मंजूर करू नये, वर्गणी देऊ नये, युद्धकर्जास हात लावू नये, असा त्याचा आशय होता. स्पेनमध्ये त्याच वर्षी जुलैत यादवी पेटली होती. तेथल्या जनतेविषयी सहानुभूतीचाही ठराव झाला. केळीच्या आणि कापसाच्या मुलखातले शेतकरी, ज्यांनी स्पेन नकाशावरही पाहिला नसेल, त्यांच्या गावात त्या परक्या लेकरांची चौकशी झाली. फैजपूरची सजावट युद्धाविरुद्ध होती असा दावा आम्ही करणार नाही. ती खेड्याच्या मानासाठी होती. पण एकाच मांडवाखाली हाताची कला आणि युद्धाला नकार हे दोन्ही नांदले, ही गोष्ट खानदेशाने विसरता कामा नये.

फैजपुरानंतर चार महिन्यांनी, २६ एप्रिल १९३७ रोजी, स्पेनमधील गेर्निका या गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बाँब टाकले. दिवस सोमवारचा, बाजाराचा. पाब्लो पिकासोने त्यावर काढलेले चित्र त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. सुमारे साडेअकरा फूट उंच आणि साडेपंचवीस फूट लांब. रंग फक्त काळा, पांढरा, करडा. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्यात विमान नाही, बाँब नाही, शत्रूचा गणवेश नाही. घोडा आहे, बैल आहे, आणि मेलेले मूल मांडीवर घेऊन आकाशाकडे तोंड करून ओरडणारी आई आहे. ती कोठल्या देशाची हे चित्रावरून सांगता येत नाही. हीच त्याची ताकद. त्या चित्राची गालिच्यासारखी विणलेली प्रत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत लावलेली होती. २००३ च्या फेब्रुवारीत इराकवरील युद्धाचे समर्थन करण्यासाठी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री तेथे आले, तेव्हा त्या प्रतीवर निळा पडदा ओढण्यात आला. चित्राचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही या पडद्याकडे बोट दाखवितो. निरुपयोगी वस्तूवर कोणी पडदा टाकीत नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध आलेच. व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले. त्याच्या विरोधात २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे ९० हजार कामगारांनी एक दिवसाचा संप केला. मजुरीसाठी नव्हे, बोनससाठी नव्हे, युद्धाच्या निषेधासाठी. आमच्या व्यवसायाला या दिवसाचा अभिमान वाटतो तो यासाठी की ज्यांना जग खुर्दा म्हणते त्यांनी त्या दिवशी स्वतःची गणती स्वतः केली. पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले, आणि ते तुरुंगात गेले. माणसाने किंवा पैशाने युद्धास मदत करू नये, एवढे वाक्य जाहीरपणे बोलणे हाच अपराध होता. देशभर वीस हजारांहून अधिक लोकांनी तो केला. म्हणजे शब्द उच्चारणे हीच कृती झाली. साने गुरुजीही युद्धकाळात पुन्हा गजाआड गेले.

येथवर सारे सरळ होते. यापुढची गाठ अवघड आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली आणि ज्या कम्युनिस्टांनी युद्धविरोधी संप घडविला होता, त्यांनीच थोड्या महिन्यांत याला लोकयुद्ध म्हटले. गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. १९४४ साली त्यांनी, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. आता हा पोवाडा युद्धाच्या बाजूचा की विरुद्ध? बाह्यतः तो रणगीतच आहे. पण त्यातला नायक सरदार नसून आपल्या शहरासाठी झगडणारा सामान्य माणूस आहे, आणि गाणाऱ्याला कोणा सरदाराची बिदागी नाही. पोवाड्याच्या इतिहासात हा मोठाच पालट आहे. तरीही आम्ही असे म्हणू की शत्रूच्या बाजूचा खुर्दा त्यातही मोजला गेला नाही. फॅसिझमशी लढणे त्या वेळी भाग होते असे आमचेही मत आहे; पण भाग पडलेली गोष्ट आणि गौरवाची गोष्ट यांत भेद ठेवणे हे कलेचे काम असते.

त्याच पक्षाच्या दुसऱ्या कलावंताने ते केले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद गावोगाव पायी फिरला आणि भुकेने मरणाऱ्यांची रेखाटने करीत गेला. तो दुष्काळ केवळ निसर्गाचा नव्हता. युद्धाने धान्याचा बाजार आणि वाहतूक यांची जी दशा केली, ती त्याच्या मुळाशी होती. त्याची चित्रांची पुस्तिका सरकारने जप्त करून बहुतेक साऱ्या प्रती नष्ट केल्या. पक्ष युद्धाच्या बाजूने होता, आणि त्याच्याच चित्रकाराची रेघ युद्धाची किंमत दाखवीत होती. कलावंताचा हात कधी कधी त्याच्या पक्षापेक्षा अधिक खरे बोलतो, ते असे.

आणि त्याच १९४३ साली मराठीत एक दीर्घ कविता प्रसिद्ध झाली : कवी अनिल यांची 'निर्वासित चिनी मुलास'. वऱ्हाडातल्या या कवीने जपानी आक्रमणात घरदार गमावलेल्या एका चिनी पोराला उद्देशून मुक्तछंदात ती लिहिली. शीर्षकातच सारे आले आहे. पोर आपले नव्हे, आपल्या भाषेचे नव्हे, आपल्या देशाचे नव्हे. पण कवी त्याच्याशी बोलतो आहे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून त्याच चीनमध्ये गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. एकाने औषधाची पेटी उचलली, दुसऱ्याने लेखणी, तिसऱ्याने कॅमेरा. परक्याचा मुलगा मराठी माणसाला आपला वाटल्याचे याहून स्वच्छ पुरावे आम्हांला तरी सापडले नाहीत. आणि पुढे १९६२ साली त्याच चीनशी आपले युद्ध झाले. तरी ती कविता खोटी ठरत नाही, कारण ती चीनच्या सरकारला लिहिलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हे काम सोपे झाले असे नाही. उलट कठीण झाले. परक्या सरकारच्या युद्धाला विरोध करणारा देशभक्त ठरतो, आपल्या सरकारच्या शस्त्राला प्रश्न विचारणारा सहज देशद्रोही ठरतो. १९९८ च्या मे महिन्यात पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केल्या, आणि दोन्हीकडे पेढे वाटले गेले. आनंद पटवर्धन यांनी त्यावर 'जंग और अमन' हा बोधपट केला. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे आणि हिरोशिमाचे वाचलेले लोक त्यात दिसतात. २००२ साली चित्रपट तयार झाला, सेन्सॉरने अनेक ठिकाणी कात्री सुचविली, आणि अखेर २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो काटछाट न होता दाखविता आला. टॉलस्टॉयच्या सेन्सॉरपासून हा प्रवास पाहिला म्हणजे राज्ये बदलली तरी कातरीची धार बदलत नाही, हे ध्यानात येते. बदल झाला तो एवढाच की दाद मागण्यास न्यायालय होते. तो बदल लहान नव्हे.

येथे आमचे काही मित्र विचारतील, सीमेवर उभ्या असलेल्या जवानाचे काय? खानदेशातल्या गावोगावचे तरुण सैन्यात आहेत. तिरंग्यात गुंडाळून आलेल्या पेट्या आपल्या तालुक्यांनी पाहिल्या आहेत. आमचे उत्तर असे की जवानाचा मान आणि युद्धाचा गौरव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जवानाला मोती म्हणून मिरवून त्याच्या विधवेला निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे घालावयास लावणारा समाज त्याचा मान राखीत नाही. त्याच्या जिवाची किंमत ज्यांना कळते तेच युद्ध शेवटचा उपाय मानतात.

दुसरा प्रश्न आमच्या अधिक जवळचा आणि अधिक बोचणारा आहे. आपल्याच जळगाव जिल्ह्यात भुसावळ येथे १९४९ पासून आणि वरणगाव येथे १९६४ पासून आयुध निर्माणी आहेत. वरणगावात काडतुसे तयार होतात. शेकडो घरांची चूल त्यावर पेटते. कामगारांची संघटना बांधणाऱ्याने युद्धाविरुद्ध बोलावे, तर या कामगाराच्या डोळ्याला डोळा कसा भिडवावा? काडतूस करणारा माणूस युद्ध ठरवीत नाही; त्याला कोणी विचारीतही नाही. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्याचे ठरले. कामगार संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हा प्रथम वटहुकूम आणि मग कायदा करून संपालाच बंदी घालण्यात आली. म्हणजे युद्धाच्या हिशेबात हा कामगारही खुर्दाच. त्याची भाकरी हिसकावून शांतता येणार नाही. त्याच हातांना, त्याच यंत्रांवर दुसरे काम मिळावे, अशी मागणी करण्याचा दिवस यावा यासाठी शांतता हवी. हे उत्तर पुरे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण या कामगाराला वगळून जी कला युद्धाविरुद्ध बोलेल ती अर्ध्याच खुर्द्याची मोजदाद करील.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना. इतकी चित्रे झाली, कविता झाल्या, युद्ध थांबले काय? गेर्निकाच्या चित्रानंतर दोनच वर्षांत महायुद्ध झाले. स्पेनच्याच गोयाने युद्धाच्या भीषणतेवर ८२ ठसे कोरले, ते त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, १८६३ साली प्रसिद्ध झाले. तोवर किती लढाया होऊन गेल्या! हा आक्षेप आम्हांला नवा नाही, कारण चळवळीतल्या माणसाला तो रोज ऐकावा लागतो. १९८२ साली मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला, आणि फसला. धुळे, अमळनेर, चाळीसगाव, जळगाव येथल्या गिरण्यांचे भोंगेही पुढेमागे बंद पडले. पण संप फसला म्हणून मागणी खोटी ठरत नाही. मागणी लिहून ठेवलेली असली म्हणजे पुढच्या पिढीला पहिल्या ओळीपासून आरंभ करावा लागत नाही. कलेचेही तसेच. ती युद्ध थांबवीत नसेल, पण युद्धाला निर्लज्जपणे साजरे होऊ देत नाही.

म्हणून नगरवासीयांना एकच सुचवावेसे वाटते. आपल्या गावात गणेशोत्सवाचे देखावे होतात, शाळांची स्नेहसंमेलने होतात, पोवाड्यांच्या स्पर्धा होतात, आणि त्यात लढाया असतातच. त्या बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पण परीक्षकाने, शिक्षकाने, मंडळाच्या कार्यकर्त्याने प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत. याची बिदागी कोण देतो आहे? यात मेलेल्यांपैकी कोणाची गणती झाली आणि कोणाची राहिली? आणि समोरच्या बाजूला पडलेला जो आहे, तो आपला मुलगा असता तर आपण हेच गायिलो असतो काय? धुळ्याच्या तुरुंगातल्या त्या न्यायाधीशाला हा तिसरा प्रश्न फार उशिरा सुचला. तो वेळेवर सुचावा, एवढ्यासाठी कला आहे. आणि ज्या गावात तो मोकळेपणाने विचारता येतो, ते गाव शहाणे समजावे.